बेरीज नको, तीन आकडे विचारा

‘सिस्टर, नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी धुळ्याहून परत येताना यांची मोटरसायकल घसरली. हेल्मेट घरी खुंटीला होतं. तालुक्याच्या दवाखान्यातून नाशिकला हलवलं, त्याच रात्री डोक्याच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. तालुक्याच्या चिठ्ठीवर जीसीएस ९ होता, नाशिकच्या फायलीत पहिल्याच पानावर ७ आणि पुढे टी असं अक्षर. म्हणजे वाटेतच दोन मार्क गेले ना? यावरून घरात भांडणं सुरू आहेत. १५ पैकी ७ म्हणजे निम्म्याहून जास्त मेंदू गेला, असं दीर म्हणतात. आता गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय. गेल्या आठवड्यापासून हे डोळे उघडतात, पण कोणाकडे बघत नाहीत. सासूबाई म्हणतात, पिंटूने माझा हात दाबला. डॉक्टर म्हणतात, ते खरं धरू नका. नर्स नखावर पेन दाबतात, मला बघवत नाही. एक नातेवाईक म्हणतात, हा ब्रेन डेडच आहे, शेत विकू नका. दुसरे म्हणतात, मुंबईला न्या. यांना आमचं ऐकू येतं का? फोनवर भजनं लावून ठेवू का? चिठ्ठ्यांचे फोटो सोबत पाठवते आहे.’
— एक वाचक, चाळीसगाव तालुका

ताई,

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण घरातल्या भांडणाचं उत्तर त्या फोटोंतच आहे. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, बेशुद्धी किती खोल ते मोजायची पद्धत. त्यात ई म्हणजे डोळे, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल. तालुक्याच्या डॉक्टरांनी ९ च्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय: ई-२, व्ही-२, एम-५. नाशिकच्या पहिल्या पानावर आहे: ई-२, व्ही-टी, एम-५. दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिला आकडा तोच, शेवटचा तोच. बदललाय फक्त मधला, आणि त्या जागी आकडा नाहीच, अक्षर आहे. टी म्हणजे ट्यूब. श्वासासाठी तोंडातून नळी घातली की माणूस बोलू शकत नाही, मग बोलण्याचे गुण देणार कसे? म्हणून ते सोडून दिले आणि उरलेल्या दोन आकड्यांची बेरीज ७ टी अशी लिहिली. काही हॉस्पिटलांत अशा वेळी बोलण्याचा १ धरतात, तिथे हाच पेशंट ८ टी झाला असता. वाटेत काही गेलेलं नाही. ज्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि जे सोबत गेले, त्यांच्यावरचा राग आता सोडा.

मी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. नातेवाइकांना सगळ्यात जास्त छळते ती ही बेरीज, असं माझं मत आहे. राउंड संपला की बाहेरच्या बाकड्यावर लगेच सुरू होतं, ‘आज किती?’ आपल्याकडे दहावीपासून मार्कांची सवय, त्यामुळे १५ पैकी ७ ऐकलं की मनात टक्के निघतात. पण हे मेंदूचे टक्के नव्हेत. या मोजणीत शून्य नाहीच. ज्याच्याकडून कसलाच प्रतिसाद येत नाही, त्यालाही तीन मिळतात, कारण प्रत्येक भागात कमीत कमी १ असतो. किती मेंदू उरला हे यात मोजतच नाहीत. या घटकेला पेशंट कशाला दाद देतो, एवढंच मोजतात.

ही पद्धत स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातली. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी १९७४ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्याआधी कोणी ‘गुंगीत’ लिहायचं, कोणी ‘अर्धवट शुद्धीत’, कोणी ‘खोल बेशुद्ध’. रात्रपाळीच्या डॉक्टरची ‘गुंगी’ आणि सकाळच्या डॉक्टरची ‘गुंगी’ एकच की वेगळी, हे कळायला मार्ग नव्हता. या दोघांनी शेरे बंद केले आणि साधे प्रश्न ठेवले. डोळे कधी उघडतो? काय बोलतो? हातपाय कसे हलवतो? यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही, आणि खाटेजवळची नर्स हे दर तासाला करू शकते. पन्नास वर्षांत स्कॅनचं तंत्र कुठल्या कुठे पोचलं, पण खाटेशी हीच पद्धत चालते. आम्हा नर्स मंडळींना तिचा थोडा अभिमान आहे, कारण चार्ट बहुतेक आमच्याच हातचा असतो.

डोळ्यांचे चार गुण. आपणहून उघडे असतील तर ४, हाक मारल्यावर उघडले तर ३, दाब दिल्यावर २, नाहीच तर १. बोलण्याचे पाच. आपण कोण, कुठे, महिना कुठला हे नीट सांगितलं तर ५, वाक्यं बोलतो पण गोंधळलेला तर ४, सुटे शब्द ३, नुसते आवाज २, काहीच नाही तर १. हालचालीचे सहा. सांगितलेलं केलं तर ६. सांगितलेलं करत नाही, पण खांद्यावर किंवा भुवईपाशी दाबलं की त्याचा हात त्या जागेपर्यंत पोचतो, तर ५. नुसता हात आखडून मागे घेतला तर ४. त्यापुढे दोन वेगळ्या ताठरण्याच्या तऱ्हा आहेत, हात विचित्र दुमडतो त्याला ३ आणि सरळ ताठ होतो त्याला २. काहीच नाही तर १.

या तिन्हींत एम सगळ्यात बोलका. तीन भागांच्या मिळून १२० जोड्या होतात आणि त्या सगळ्या तेरा बेरजांत कोंबायच्या, म्हणजे एकाच ७ मध्ये किती वेगवेगळे पेशंट बसतात बघा. एक असा, की डोळे मिटलेले, आवाज नाही, पण दुखावणारा हात बरोबर बाजूला सारतो: १, १, ५. दुसरा असा, की डोळे उघडे, आवाज नाही, आणि दाबलं की हात सरळ ताठ होतात: ४, १, २. दोघेही सातच. पण मला विचाराल तर पहिल्याच्या नातेवाइकांशी मी जास्त आशेने बोलेन. म्हणून उद्यापासून ‘जीसीएस किती?’ हा प्रश्न बंद. ‘ई किती, एम किती?’ असं विचारा. आणि लगेच दुसरं विचारा, की तपासलं तेव्हा झोपेचं औषध चालू होतं का? तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत ई-१, व्ही-टी, एम-१ आहे. तो बघून कोणाचंही काळीज हलेल. पण त्याच ओळीत पुढे ‘ऑन सेडेशन’ लिहिलंय. ऑपरेशननंतर मेंदूला सूज येते, ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढत जाते, म्हणून त्या काळात मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉलसारखी औषधं देऊन पेशंटला मुद्दाम झोपवतात. झोपवलेल्या माणसाचा तो आकडा औषधाचा असतो, दुखापतीचा नव्हे.

कालच्या फोटोत काय आहे? ई-४, व्ही-टी, एम-५. बेरीज ९ टी, आणि ती वाढली ती सगळी डोळ्यांमुळे. इथे मला थोडं सावध बोलायला हवं. डोळे उघडणं ही चांगली गोष्ट आहे. माणूस कोमातून बाहेर आला, झोप आणि जाग यांचं चक्र परत सुरू झालं, असा त्याचा अर्थ. पण जाग वेगळी आणि भान वेगळं. डोळे उघडे असून कशाचीच नोंद मन घेत नाही, अशी एक पायरी असते, आणि ती पुष्कळ पेशंटच्या वाट्याला येते. काही तिथून आठवड्या-दोन आठवड्यांत पुढे सरकतात, काहींना महिने लागतात, काही तिथेच राहतात. म्हणून डॉक्टर डोळ्यांवर खूश होत नाहीत, हालचालीकडे बघत बसतात. एम पाचावरून सहावर जाणं, म्हणजे सांगितलेली एक तरी गोष्ट समजून करणं, त्याची सगळे वाट बघताहेत. त्याच्याही आधी बहुतेक वेळा एक खूण दिसते: नजर एखाद्या वस्तूच्या मागे जाऊ लागते.

आता सासूबाईंचा हात. त्यांना खोटं पाडू नका, हात दाबला गेला असणारच. पण तळहातावर काही टेकलं की मूठ आपोआप मिटते. तान्हं बाळ बोट धरतं तसंच हे, आणि मेंदूला मार लागला की ही जुनी खोड परत वर येते. म्हणून ‘हात दाब’ ही परीक्षा एकटी कधीच पुरत नाही. ‘हात दाब’ आणि मग ‘सोड’, हे दोन्ही करायला हवं. सोडलं तर गोष्ट वेगळी. ‘जीभ बाहेर काढ’, ‘दोन बोटं दाखव’ किंवा ‘अंगठा वर कर’ हे त्याहून चांगलं, कारण ते चुकून होत नाही.

या बाबतीत हॉस्पिटलपेक्षा तुमच्याकडे एक गोष्ट जास्त आहे. नाशिकच्या आयसीयूत तपासणारा डॉक्टर हिंदीत विचारत असेल, नर्स केरळची असेल तर तिच्या परीने मराठीत. ‘मिस्टर पाटील, आँखें खोलिए.’ तुमच्या घरात अहिराणी बोलतात, आणि चाळीस वर्षांच्या माणसाला त्याची आई अजून पिंटू म्हणते. अर्धवट भानावरच्या मेंदूला परकी भाषा आणि ‘मिस्टर’ यांतून वाट काढायला लावणं बरोबर नाही. राउंडच्या वेळी सासूबाईंना आत सोडायची विनंती करा आणि डॉक्टरांसमोर त्यांना म्हणू द्या, ‘पिंटू, आठे देख’, म्हणजे इकडे बघ. चांगला डॉक्टर नाही म्हणणार नाही. असं केल्याने एम सहा निघेलच असं मी म्हणत नाही, पण निघायचा असेल तर यानेच निघेल.

शिवाय यांचं ऑपरेशन डाव्या बाजूला आहे. बहुतेक लोकांत भाषेचं केंद्र डावीकडे असतं. तिथे मार लागला तर शब्दच कळेनासे होतात. माणूस भानावर असतो, पण ‘अंगठा वर कर’ हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा नुसतं सांगू नका, स्वतः करून दाखवा. आणि आज्ञा डाव्या हाताला द्या, कारण डाव्या मेंदूच्या इजेत उजवी बाजू लुळी पडते. (तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: उजवा हात पडलेला दिसतो म्हणून एम कमी धरत नाहीत. जी बाजू बरी चालते तिचाच आकडा लिहितात.)

घरी बसून काळजी करण्यापेक्षा हे करा. दोनशे पानी वही घ्या. भेटीच्या वेळी ते जागे असतील तेव्हाच, एकाच माणसाने, खाटेच्या समोर उभं राहून, आधी नावाने हाक मारायची. टीव्ही, फोन, बाकीच्यांच्या सूचना सगळं बंद. हातात एक छोटा आरसा असू द्या, घरचा दाढीचा चालेल. तो चेहऱ्यापासून चार ते सहा इंचांवर धरून हळू डावीकडे, मग उजवीकडे न्यायचा आणि नजर मागे येते का ते बघायचं. आरसाच का? स्वतःचा चेहरा माणूस इतर वस्तूंच्या आधी धरतो, म्हणून या पेशंटची बारकाईने तपासणी करणारे तज्ज्ञही तोच वापरतात. मग एक सोपी आज्ञा. सांगितल्यावर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक नातेवाईक इथेच घाई करतात. दोन सेकंद थांबतात, पुन्हा ओरडतात, मग गालावर चापट्या मारतात, आणि कुठली हालचाल कशामुळे झाली ते कोणालाच कळत नाही. काय सांगितलं, काय झालं, वेळ काय, झोपेचं औषध कधी दिलं होतं, एवढं लिहा. एकदा जमलं आणि चारदा जमलं नाही तर पाचही वेळा लिहा. जमलेलंच लिहिलंत तर वही कामाची नाही.

याची गरज का पडते ते ऐका. अशा पेशंटचं भान दिवसात चढतं-उतरतं. सकाळी अकराला कळतं, चारला कळत नाही. नेहमीच्या तपासणीवरून ‘भान नाही’ असं ठरवलेल्या पेशंटची बारकाईने, ठरवलेल्या पद्धतीने फेरतपासणी केली, तेव्हा दहांपैकी चार जणांत भानाच्या खुणा सापडल्या, असं २००९ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून एका तपासणीवर कोणी शिक्का मारत नाही, थोड्या दिवसांत पाचदा तरी बघतात. तुमची वही तिथे उपयोगी पडते. नजर मागे आल्याचा व्हिडिओ काढता आला, तर तोही डॉक्टरांना दाखवा, पण आयसीयूत परवानगी घेऊनच.

नखावरच्या पेनाबद्दल. ती नर्स त्यांना छळत नाही. हाकेला डोळे उघडत नसतील किंवा सांगितलेलं करत नसतील, तर पुढची पायरी म्हणून बोटाच्या टोकावर, खांद्याच्या स्नायूवर किंवा भुवईच्या हाडाच्या खोबणीत हळूहळू वाढवत, साधारण दहा सेकंदांपर्यंत दाब द्यायचा, ही रीतच आहे. २०१४ साली ही पद्धत नव्याने मांडली, तेव्हा ‘वेदना’ हा शब्द काढून ‘दाब’ घातला, तो याचसाठी. मात्र छातीच्या हाडावर मुठीने रगडणं, कातडीला चिमटे काढणं हे आता बरोबर मानत नाहीत. अंगावर काळेनिळे डाग दिसले तर सिस्टर इन्चार्जला शांतपणे विचारा, तुमचा तो हक्क आहे. आणि तुम्ही स्वतः यातलं काही करू नका. डोळ्यांत टॉर्च मारतात तो बाहुल्या बघायला. दोन्ही सारख्या आहेत का, उजेडाने लहान होतात का, हे जीसीएसइतकंच महत्त्वाचं आहे.

ब्रेन डेड म्हणणाऱ्या नातेवाइकांना माझा निरोप द्या: जो डोळे उघडतो आणि दाबणाऱ्या हाताकडे स्वतःचा हात नेतो, तो ब्रेन डेड नाही, असूच शकत नाही. ब्रेन डेथ कोणाच्या बोलण्यावर ठरत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसं लेखी देतं. त्यात श्वास आपणहून सुरू होतो का, हीही चाचणी असते. तुमच्या यांचं यातलं काहीच झालेलं नाही आणि व्हायचं कारणही नाही.

पण शेताचा प्रश्न त्यांनी काढलाय, तो मला टाळायचा नाही. तीन आठवडे ही वेळ निकालाची नव्हे. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टच्या संघटनेने २०१८ साली सांगितलं, की पहिल्या २८ दिवसांत ‘आता काही उपयोग नाही’ अशा अर्थाचं बोलू नका. अपघाताने डोक्याला मार लागून हरपलेलं भान वर्षभरानंतरही परतलं नाही, तरच ती अवस्था ते जुनाट धरतात. हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, अशा पेशंटसाठी हीच मुदत तीन महिने आहे. मार लागलेल्या मेंदूला जास्त वेळ देतात, कारण त्याच्याकडून जास्त आशा असते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग यांचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी देईल. ४२ वर्षं त्या तशाच होत्या, २०१५ साली गेल्या. पण त्यांचा गळा आवळला गेला होता, मेंदूचा प्राणवायू तुटला होता. ते उदाहरण इथे लावू नका.

तरीही पूर्ण बरे होऊन पूर्वीसारखी मोटरसायकल चालवतील, असं वचन मी देणार नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. भान आलं तरी उजवा हात, बोलणं, चिडचिड, विसराळूपणा यांच्याशी पुढे महिनोन्‌महिने झुंज असते. म्हणून शेत आत्ता विकू नका. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड घेऊन त्याला भेटा. पैसा लागणार आहे तो पुढच्या वर्षभराला, फिजिओथेरपीला, राइल्स ट्यूबच्या, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीच्या, आहाराला, हवेच्या गादीला. आत्ताच सगळा संपवून चालणार नाही.

मुंबई? माझ्या मते आत्ता नाही. ऑपरेशन झालंय, सूज ओसरली आहे, आणि एका बाजूला हाड नसलेल्या माणसाला नळीसकट तासन्‌तास रस्त्याने हलवून मिळणार काय? दुसरं मत हवं असेल तर सीटी स्कॅनची सीडी आणि चार्टच्या झेरॉक्स घेऊन तुमच्यातला एक जण मुंबईला जाऊ दे. न्यायचंच असेल तर पुढच्या टप्प्यावर, रिहॅबसाठी न्या. तोवर नाशिकमध्ये एवढं पाहा: रोज फिजिओथेरपी होते का, दर दोन तासांनी कूस बदलतात का, टाचा आणि कंबर लाल दिसते का, आणि हाड काढलेल्या बाजूवर वजन येणार नाही अशी उशी ठेवलीय का. पोटातलं हाड काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत बसवतील, त्याची घाई करायची नाही.

आणि दोन गोष्टी अशा आहेत, ज्यांच्यासाठी रात्री दोन वाजताही ड्यूटीवरच्या डॉक्टरला उठवायचं: एम खाली येणं आणि बाहुल्या लहानमोठ्या दिसणं. कालपर्यंत हात बाजूला सारणारा माणूस आज नुसता ताठ होतोय, किंवा एक बाहुली मोठी दिसतेय, तर वाट बघू नका. चार्ट भरणाऱ्या नर्सलाही हे माहीत असतं, पण खाटेशी तुम्ही जास्त वेळ असता.

ऐकू येतं का, हे तुम्ही विचारलंत. २०२४ साली एक मोठा अभ्यास छापून आला. सांगितलेलं काहीच करून न दाखवणारे २४१ पेशंट त्यात होते. त्यांना मनातल्या मनात हालचाल करायला सांगून मेंदूचं एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) काढलं, तेव्हा त्यांतल्या ६० जणांचा मेंदू आज्ञा पाळत होता. चारांत एक. तुमचे हे त्यांतले आहेत का, ते खाटेशी उभं राहून मला किंवा कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून मी आमच्या वॉर्डात लावलेला नियम तुम्हाला देते: शेत, खर्च, ब्रेन डेड, दिरांशी भांडण, यातलं एक अक्षरही खाटेपासून ऐकू जाईल इतक्या अंतरात बोलायचं नाही. बोलायचं ते त्यांच्याशीच. आज वार कुठला, मुलाच्या शाळेत काय झालं, आता सिस्टर तोंड पुसणार आहेत.

भजनं लावा, पण दिवसभर नकोत. सतत आवाज चालू राहिला की थकलेला मेंदू तो ऐकणं सोडून देतो, आणि मग तुमची हाकही त्याच गोंगाटात जाते. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, त्यांच्या आवडीचं. त्यांना भजनं आवडत नसतील आणि तमाशातल्या लावण्या आवडत असतील तर त्या लावा, सासूबाईंची समजूत काढा. रात्री दहानंतर फोन बंद, डोळ्यांवर दिवा येत असेल तर सिस्टरला सांगून कमी करून घ्या, म्हणजे त्यांना झोप लागेल. सकाळी जाग जितकी चांगली, तितकी तुमची आरशाची तपासणी खरी.

— तुमची सिस्टर